लॅपटॉपच्या बिजागरीला तेल

आमच्या घरात दाराला कुरकुरायची मुभा नाही. कुठल्या दारानं किंवा खिडकीनं जरा आवाज काढला, की आप्पा लांब चोचीची तेलाची कुप्पी घेऊन हजर होतात. आप्पा म्हणजे माझे वडील. कंग्राळी या आमच्या गावी थोडी शेती आहे, भाताची आणि रताळ्याची. ती सांभाळून आप्पांनी उद्यमबाग या कारखान्यांच्या भागातल्या एका वर्कशॉपमध्ये बत्तीस वर्षं लेथवर काम केलं. पहाटे शेत, मग सायकल, मग लेथ. लोखंड कापता कापता त्यांचा कान असा तयार झाला, की गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकल वाजली की ते घरात बसून सांगतात, "चेन ढिली हाय बघ ह्येची." कोण आलंय ते नंतर कळतं, आणि आप्पांना त्यात फारसा रसही नसतो.

काम सुटल्यावर त्यांनी घरालाच वर्कशॉप केलं. परड्यात पत्र्याची एक खोली आहे. तिथं खिळ्यांना पाने टांगलेले, डब्यांत स्क्रू, नट आणि वायसर मापाप्रमाणे लावलेले. नळ गळला, मिक्सर थांबला, पंपानं पाणी ओढायचं सोडलं, की आई फक्त ते भांडं किंवा ती तोटी आप्पांच्या दिशेनं सरकवते. बोलायचीही गरज पडत नाही. आमच्या घरात आजवर कुठलाही मेकॅनिक चहा पिऊन गेलेला नाही.

मी पुण्याहून परत आले ती दोन बॅगा आणि एक लॅपटॉप घेऊन. माझं काम भाषांतराचं. कन्नडमधल्या नोटिसा, जमिनीचे कागद, कंपन्यांची पत्रं मराठीत करायची, आणि कधी मराठीतली कन्नडमध्ये. ते कुठंही बसून होतं, मग पुण्यात भाड्याच्या खोलीत बसून कशाला करायचं, असा साधा विचार केला आणि आले. मधल्या खोलीत खिडकीशी टेबल मांडलं. आईनं दोन दिवस लांबून पाहिलं आणि निकाल दिला, "दिवसभर त्या डब्याकडं बघून बोलतीस. पोटाला मिळतंय न्हवं? मग बरं." तिथून आमच्या घरात लॅपटॉपला 'डबा' हे नाव पडलं.

हा डबा जुना होता. उघडताना उजव्या अंगाला 'कट्ट' असा आवाज करायचा. मला त्याची सवय झालेली. आप्पांना कशी होणार? मी सकाळी कामाला बसले की परड्यातून आवाज यायचा, "गं, त्येची बिजागरी वाजालीय."

"जुना झालाय आप्पा. वाजू दे."

"वाजू दे कसं? वाजतंय म्हणजे झिजतंय."

मी हसून सोडून द्यायची. तीन-चार महिने तरी हे चाललं. आता वाटतं, मी त्याच वेळी त्यांना समोर बसवून नीट दाखवलं असतं, तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मग सांगायलाही काही उरलं नसतं.

गेल्या वर्षीची खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी घरातली सगळी अवजारं पूजेला बसतात. विळे, खुरपी, कुऱ्हाड, पंपाचा पाना, आईची विळी, दारातली स्कूटर. ज्याच्यावर पोट चालतं त्याला त्या दिवशी हळद-कुंकू, झेंडूचं फूल आणि विश्रांती. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पाया पडून उचलायचं, तोवर हात लावायचा नाही. आदल्या दिवशी आप्पांचा खरा सण असतो. सकाळपासून एकेक अवजार घासून, पुसून, तेल लावून ठेवायचं. मळकं अवजार पूजेला बसवणं म्हणजे पारोशानं देवळात जाणं, असं त्यांचं मत.

त्या संध्याकाळी आप्पा टेबलाशी येऊन उभे राहिले. खांद्यावर चिंधी. "तुझं काम झालं असलं तर डबा दे. पूजेला बसवायचा हाय."

मला खरं सांगायचं तर भरून आलं. पुण्यात माझ्या कामाला कुणी काम म्हणायचं नाही, 'घरीच असतेस ना' म्हणायचे. इथं माझं हत्यार विळ्याच्या शेजारी बसणार होतं. मी लगेच बंद करून दिला. त्याचं ते काय करणार, हे विचारायचं मला सुचलंच नाही. त्यांनीही मला काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली. मधोमध लॅपटॉप, त्याच्यावर कुंकवाचं बोट आणि एक झेंडू. दसऱ्याला सकाळी मी पाया पडून उचलला, टेबलावर ठेवला आणि उघडला. एका बोटानं उघडला. आवाज नाही, अडखळणं नाही.

"आप्पा! लोण्यासारखा उघडला की!"

ते दारातच उभे होते, याचीच वाट बघत. "मशीन ऑइल. तीन थेंब. लई सुकलती ती." त्या दिवशी आपट्याची पानं द्यायला जे कुणी घरी आलं, त्या प्रत्येकाला आप्पांनी सांगितलं, की लेकीच्या लॅपटॉपची बिजागरी वाजत होती ती मी घालवली. पुण्याच्या लोकांस्नी जमलं न्हाय, असंही जोडलं. पुण्यात मी ती कुणाला दाखवलीच नव्हती, पण सणाच्या दिवशी कशाला बोला.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, हे कळायला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी पुण्याच्या लोकांबरोबर व्हिडिओवर बैठक होती. मी बोलत होते आणि समोरचे लोक हळूहळू गालातल्या गालात हसायला लागले. झाकण आपसूक मागं कलत चाललं होतं. त्यांना आधी माझं कपाळ, मग आमचं छत, मग छताचा पंखा दिसू लागला. मी सरळ केलं, ते परत कललं. शेवटी मी पाठीमागं पितळेचा तांब्या टेकवला. मग पुढचे आठ-दहा दिवस तांब्या माझ्या नोकरीला लागला. सकाळी आई पाणी भरायला शोधायची आणि मी म्हणायची, "कामावर आहे."

उजवी बाजू ढिली झाली होती, म्हणून उघडताना सगळा जोर डाव्या बाजूवर येत होता. झाकण उघडताना थोडं पिळवटायचं. ते मला दिसत होतं, पण तांब्या होता ना, मग चाललंय म्हणून मी चालवलं. आळस माझा, हे कबूल करायला पाहिजे.

आणि एक दिवस सकाळी अकराच्या सुमाराला 'कडाड' असा आवाज झाला. डाव्या कोपऱ्यातलं प्लॅस्टिक फाटलं, बिजागरी कवचातून वर आली, आणि ज्वारीच्या दाण्याएवढे पितळेचे दोन तुकडे टेबलावरून गडगडत जमिनीवर पडले. हातातलं काम दुपारपर्यंत द्यायचं होतं. आवाज ऐकून आप्पा परड्यातून धावत आले. हातात सूप घेऊन आईही आली, आणि तिच्याबरोबर तांदूळ निवडायला आलेल्या शेजारच्या काकूही.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हणाले, "आप्पा, ज्यातलं कळत नाही त्याला हात कशाला लावता?"

काकूंनी सुपात बघितलं. आप्पांनी खाली वाकून ते दोन पितळेचे तुकडे वेचले, चिंधीनं पुसले आणि टेबलावर ठेवले. "व्हय," म्हणाले, "चुकलं माझं." आणि परत परड्यात गेले. चिडले असते तर मी भांडले असते आणि संध्याकाळपर्यंत मिटलं असतं. ते चिडले नाहीत.

काम मी मोडक्या झाकणावरच पुरं केलं, पडदा भिंतीला टेकवून. संध्याकाळी परड्यातल्या खोलीकडं गेले तर तेलाची कुप्पी वरच्या खिळ्याला टांगलेली. एरवी ती कधी टांगलेली नसते. ती आप्पांच्या हाताशी असते, नाहीतर कुठल्या तरी दाराशी.

मग आमच्या घराला आवाज फुटले. आधी न्हाणीचं दार कुरकुरलं. मग स्वयंपाकघरातला नळ ठिबकू लागला. मग शिलाई मशीन. आप्पा कट्ट्यावर बसून रस्त्याकडं बघायचे. आईनं सवयीनं मिक्सरचं भांडं त्यांच्याकडं सरकवलं, तर म्हणाले, "दुकानात दाव. मला काय त्यातलं कळतंय." मिक्सर तर त्यांनी दहा वेळा उघडलेला. आई माझ्याकडं बघायची. तिचं ते बघणं तव्याच्या चटक्यासारखं लागायचं.

मी माफी मागितली. एकदा चहा देताना, एकदा जेवताना. आप्पा शांतपणे म्हणाले, "न्हाय गं. तू खरं बोललीस. कळत न्हाय त्याला हात लावू नये. लेथवर माझ्या वस्तादांनीबी पहिल्या दिवशी ह्येच सांगितलतं." म्हणजे माझं रागाचं वाक्य त्यांनी उचलून वस्तादांच्या शेजारी नेऊन बसवलं. आता ते कोण खोडणार?

सुगी तोंडावर आली. भात पिवळं पडलं होतं. दरवर्षी या दिवसांत परड्यातून कानशीचा आवाज येतो, आप्पा विळ्यांना धार लावत असतात, आणि त्या आवाजावर मला घड्याळ न बघता महिना कळतो. त्या वर्षी एका दुपारी आप्पा पिशवीत काहीतरी घेऊन आले. पिशवीत आमचे विळे होते. त्यांनी ते गावातून दुसऱ्याकडून धार लावून आणले होते. मी खिडकीतून पाहिलं आणि मला रडू आलं. लॅपटॉप मोडला होता, तो नवा घेता आला असता. पण हा माणूस आयुष्यभर हातांनी जगला होता, आणि मी एका वाक्यात त्याचा हातांवरचा विश्वास काढून घेतला होता. तो कसा परत द्यायचा, हे मला कळत नव्हतं. शब्दांनी नेलेलं शब्दांनी परत येत नव्हतं, एवढंच कळलं होतं.

तोवर डबाही दाखवायला पाहिजे होता. शहरात खासबागेत लॅपटॉपचा एक दुरुस्तीवाला आहे, असं कुणीतरी सांगितलं. माझ्याच वयाचा माणूस. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं दुकान, आणि मागच्या भिंतीला उघडलेले लॅपटॉप ओळीनं लावलेले. त्यानं माझा डबा उलटा केला, बिजागरीला नख लावलं, नख नाकाशी नेलं आणि विचारलं, "आक्का, तेल कुणी घातलं?"

"घरातल्यांनी."

"दसऱ्याला न्हवं?"

मी मान हलवली. तो हसायला लागला. "दर वर्षी येतात की. खंडेनवमी झाली की पंधरा दिवसांत दोन-चार तरी तेलाचे लॅपटॉप येतात हितं. परवा एकानं ग्रीस भरून आणलतं, टॅक्टरचं. पूजा करा म्हणतो मी, फूल वाहा, पर त्याला आंघोळ नको."

"पण दाराच्या बिजागरीला तर तेलच लागतं."

"दाराच्या. ह्यी बिजागरी न्हवं, आक्का, ह्यो ब्रेक हाय." त्यानं एक जुनी सुटी बिजागरी काढून माझ्या तळहातावर ठेवली. बारीक दांडा, त्याच्यावर चकत्या एकमेकींना घट्ट चिकटून, टोकाला नट. "ह्या चकत्या घासल्या पाहिजेत. घासल्या तर झाकण हुबं राहतंय. तेल घातलं की सुटलं."

"मग आता?"

"आगोदिल्ला. व्हायचं न्हाय. खालची बॉडी मिळत न्हाय ह्याची, जुना झाला. स्क्रू बसतात ती पितळी बुशं उपटून आलीत, प्लॅस्टिकला आता धर न्हाय. कुणी आरपार बुशं करून दिली तर बसतील, पर एवढी बारीक करून कोण देणार? नवा घ्या." मी ती सुटी बिजागरी मागितली. त्यानं कागदात बांधून दिली.

घरी येईपर्यंत मी ठरवलं होतं, की माफी आता परत मागायची नाही. आप्पा कट्ट्यावर चहा पीत होते. मी शेजारी बसले आणि आईला ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं, की दसरा झाला की खासबागेत तेलाचे लॅपटॉप येतात, एक तर ट्रॅक्टरच्या ग्रीसचा आलता. आई आतून एवढ्यानं हसली की भांडं पडलं. आप्पांच्या मिशीतही काहीतरी हललं. मग मी पुडी सोडून बिजागरी त्यांच्या बशीशेजारी ठेवली.

"तो म्हणतो, ही बिजागरी नाहीच. ब्रेक आहे."

आप्पांनी चहा खाली ठेवला. हात लावला नाही. मान वाकडी करून बघत राहिले, एका बाजूनं, मग दुसऱ्या. "ब्रेक," म्हणाले. मग बशी बाजूला सारून म्हणाले, "ब्रेकला तेल घातलं व्हय मी? कुठल्या गाढवानं ब्रेकला तेल घातलं असतं?" त्या 'गाढवा'त मला पहिल्यांदा जुने आप्पा ऐकू आले. ते स्वतःला शिव्या देऊ लागले म्हणजे त्यांचं डोकं कामाला लागलं.

"आणि ढिली एकच बाजू केली मी. एक बैल ढिला पडला की सगळं जू दुसऱ्याच्या मानेवर. मोडणारच की." मग माझ्याकडं बघून, "उघडून दाव बघू आतनं."

"तुम्ही उघडा."

"न्हाय. तू उघड. मी सांगतो."

त्यांनी हात पाठीमागं बांधले, आणि मी बारीक स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले. पहिले तीन स्क्रू निघाले. चौथा निघेना. मी जोर लावला, ड्रायव्हर सटकला, स्क्रूचं डोकं खरवडलं. "दाबून धर आधी, मग फिरव," आप्पा म्हणाले. मी फिरवून मग दाबलं. परत सटकला. पाठीमागं बांधलेल्या हातांची बोटं हलायला लागली, ती मला खिडकीच्या काचेत दिसत होती. तिसऱ्यांदा सटकला तेव्हा आप्पा ओरडले, "अगं, स्क्रूचा जीव घेतीस काय!" आणि माझ्या हातातून ड्रायव्हर ओढून घेतला.

लोक विचारतात, मी मुद्दाम केलं का. मुद्दाम केलं असतं तर सांगायला बरं वाटलं असतं. पण मला खरंच स्क्रू काढता येत नाही.

आप्पांनी चिंधीचा एक धागा स्क्रूच्या डोक्यावर ठेवला, त्यावर ड्रायव्हर दाबला आणि स्क्रू बाहेर आला. मग ते थांबले नाहीत. मांडीवर कागद पसरला, त्याच्यावर निघतील तसे स्क्रू ओळीनं मांडले, खालचं कवच उचललं आणि फाटलेल्या कोपऱ्यात बोट फिरवलं. "बुशं करायची. चार. आरपार, खालनं कॉलर देऊन. प्लॅस्टिकवर भार न्हाय आला पाहिजे." ते माप घ्यायचा व्हर्नियर आणायला परड्यात गेले. न्हाणीच्या दाराशी एक क्षण थांबले, दार ढकलून त्याचं कुरकुरणं ऐकलं, आणि तोंड वाकडं केलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्कूटरवर मागं बसवून उद्यमबागेत नेलं. त्यांच्या जुन्या वर्कशॉपमध्ये आता सगळी कॉम्प्युटरवरची यंत्रं आहेत. मालकांनी आप्पांना ओळखलं, पाया पडले, आणि कोपऱ्यातला जुना लेथ दाखवला. आठवड्यातून एखाद्या वेळी चालतो, म्हणाले. आप्पांनी आधी चिंधी मागितली. लेथ पुसला, सरकपट्टीवर तेल सोडलं आणि ते सगळीकडं बोटानं पसरवलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "लांब हुबी ऱ्हा. ओढणी आवर."

पितळेची कांडी लावली, लेथ सुरू केला. पहिलं बुश बिघडलं. मला ते कळलं नसतं, पण आप्पांनी ते व्हर्नियरमध्ये धरलं आणि खिशात टाकलं. दुसरं कापताना त्यांचा उजवा हात थरथरला. मी पाहिलं, आणि त्यांनी मला पाहताना पाहिलं. मला वाटलं, आता ते लेथ बंद करतील, आणि तो बंद केला तर परत कधी सुरू करणार नाहीत. आप्पांनी लेथ बंद केला खरा. डाव्या हातानं उजवं मनगट चोळलं आणि परत सुरू केला. दुसरंही खिशात गेलं. तिसरं व्हर्नियरमधून काढून त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं. गरम होतं. मोठ्या मसुरीएवढं, आत आटे, खाली बारीकशी कॉलर, आणि कडेला बोट फिरवलं तर कुठं टोचत नव्हतं.

"आता जमालं," ते म्हणाले, आणि आणखी तीन केली.

घरी दोन दिवस काम चाललं. उजव्या बिजागरीचं तेल आधी काढायचं होतं. आईच्या भांडी घासायच्या साबणानं, मग स्पिरिटनं, मग परत साबणानं. आई म्हणाली, माझ्या लग्नाच्या साडीला एवढं धुतलं न्हवतं. मग बुशं बसवली, आरपार, चिकटवणाऱ्या गोंदासकट, आणि एक रात्र वर वरवंटा ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी टोकाचे नट आवळले. एकदम नाही, पाव-पाव वळसा. आवळायचं, झाकण उभं करायचं, सोडायचं, बघायचं. डावी, उजवी, परत डावी. दोन्ही सारख्या पाहिजेत, जू सरळ पाहिजे, असं पुटपुटत.

झाकण उभं राहिलं. अर्ध्यात सोडलं तर अर्ध्यात राहिलं. आप्पांनी टेबलावर मूठ आपटली, तरी राहिलं. फक्त उघडायला दोन हात लागू लागले, आणि खाली चार पितळी ठिपके दिसू लागले. आईनं तांब्या उचलला, घासला आणि पाणी भरायला नेला.

त्या संध्याकाळी न्हाणीचं दार गप्प झालं. नळ दुसऱ्या दिवशी. सुगीत आप्पांनी दुसऱ्याकडून लावून आणलेली धार बोटानं तपासली, 'ही काय धार झाली?' असं म्हणाले, आणि सगळे विळे परत कानशीखाली घेतले. मी खिडकीत बसून तो आवाज ऐकत काम केलं. त्या दिवशी मी एका जमिनीच्या कागदाचं भाषांतर केलं होतं. एरवी कंटाळवाणं काम, पण त्या दिवशी सुखानं केलं.

एक गोष्ट मात्र राहिली होती. माझ्या डब्याला हात लावायचा असला की आप्पा विचारायचे. "ह्येच्यावरची धूळ पुसू काय?" "वायर सरकवू काय?" मिक्सरला, नळाला, दाराला कुणी विचारत नव्हतं. फक्त माझ्या वस्तूला. मी प्रत्येक वेळी म्हणायची, विचारता काय आप्पा, करा की. ते मान हलवायचे आणि पुढच्या वेळी परत विचारायचे. माझं ते वाक्य अजून कुठंतरी अडकून बसलं होतं. बाकी सगळं सुरळीत झालं होतं, पण तेवढंच टोचायचं.

यंदाची खंडेनवमी आली. आदल्या दिवशी संध्याकाळी आप्पा कुप्पी आणि चिंधी घेऊन टेबलाशी आले. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "ह्याला तेल न्हाय. म्हाईत हाय मला." डबा काखेत मारून परड्यात गेले. त्यांनी दे म्हटलं नव्हतं, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

पूजा झाली. कुंकू, झेंडू, विश्रांती. दसऱ्याला सकाळी मी पाया पडून तो उचलला, टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी उघडला. दर वेळी दोन हातांचा जोर लावताना तो टेबलावर मागं सरकायचा. आज जागचा हलला नाही. वाटलं, काहीतरी चिकटलंय. उलटा करून पाहिला. चार पितळी ठिपक्यांच्या बाहेर, चार कोपऱ्यांना, रबराच्या चार गोल निळ्या चकत्या. आप्पांच्या जुन्या हवाई चपलेची टाच कापून केलेल्या. चारी एका मापाच्या आणि कडा घासलेल्या.

मी मुद्दाम आवाज चढवला. "आप्पा! माझ्या डब्याला हात कुणी लावला?"

परड्यातून कानशीचा आवाज थांबला.

"मी न्हाय तर कोण लावणार?" आप्पा ओरडले, आणि कानस परत सुरू झाली.